चमचा बशीत

इथली जमीन इतकी सपाट, एन्नो म्हणतो,
की रविवारी कोण येणार ते बुधवारीच दिसतं.
मी मात्र कुणालाच दिसले नाही.
लेअरच्या पुढं सगळं धुकं,
बस अर्धा तास उशिरा,
आणि थांब्यावर उतरणारी मी एकटी,
टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"मोइन," दारात वीबके म्हणाली.
सकाळ होती, मला वाटलं सुप्रभात.
मग बाराला पोस्टमनही मोइन,
चारच्या अंधारात शेजारीही मोइन.
एका शब्दावर अख्खा दिवस भागवतात ही माणसं.

जेवायचं तर आधी चालायचं.
ओढगाडीत बाटल्या आणि घोंगडी,
प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला लोंबणारा
अंगठ्याएवढा पेला,
आणि हातात एक लाल गोळा, वाटतो त्याहून जड.
गावच्या रस्त्यावरून तो घरंगळत सोडायचा,
जिथं थांबेल तिथून पुढची फेक,
पार त्या विटांच्या गोठ्यापर्यंत.
माझा गोळा दहा पावलं सरळ गेला,
मग त्याला काहीतरी आठवलं,
डावीकडे वळला
आणि चरातला बर्फाचा पापुद्रा फोडून
डुबुक.

टाळ्या पडल्या. खऱ्या, मनापासून.
एन्नोनं लांब दांड्याची जाळी घातली,
चिखल ढवळला, चाचपला,
गाळणीतून चहापत्ती उचलावी तसा गोळा वर काढला.
"बाबांची जाळी," म्हणाला.
एवढंच.
मग पेले भरले गेले, माझाही.
घशातून काहीतरी पेटत खाली उतरलं
आणि बोटांना पुन्हा बोटं फुटली.

टेबलावर काळपट हिरवी पालेभाजी,
शिजून शिजून पार लगदा झालेली,
शेजारी बटाटे, सॉसेज, मोहरीची वाटी.
पहिलं हिव पडल्याशिवाय ही तोडायची नाही,
एन्नोची आई फोल्के सांगत होत्या,
गारठ्यानंच तिच्यात गोडी उतरते.
मी दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा त्या उठल्या,
खिळ्यावरची रिबीन काढली,
तिच्यात ओवलेलं डुकराच्या जबड्याचं हाड.
गेल्या वर्षी ते हाब्बोंच्या गळ्यात होतं.
ऑक्टोबरपासून खिळ्यावर.
कुणी बोलेना. वीबके भाजीच्या पातेल्यात बघत राहिली.
"सगळ्यात वाईट फेक," फोल्के म्हणाल्या,
आणि ते माझ्या गळ्यात घातलं.
हसू फुटलं तेव्हा कळलं
किती वेळ सगळ्यांनी ते धरून ठेवलं होतं.
या भाजीच्या राणीनं
पुढच्या वर्षीची फेरी आखायची असते,
हे मला उशिरा सांगितलं.

मग चहा.
कपात खडीसाखरेचा एक खडा,
त्यावर काळाभोर कढत चहा.
खडा तडकतो.
फोल्के कान देऊन ऐकतात, दर वेळी,
जणू आज तो काही वेगळं म्हणेल.
मग सायीचा थेंब, कपाच्या कडेकडेनं,
घड्याळाच्या उलट दिशेनं,
वेळ थांबावी म्हणून.
तळातून एक ढग वर येतो.

मी चमचा उचलला
आणि तीन हात एकदम पुढे आले:
ढवळायचं नाही!
आयुष्यभर मी चहा ढवळतच आले,
उभ्या उभ्या, घाईत,
पहिला घोट आणि शेवटचा सारखाच गोड व्हावा म्हणून.
इथं वर साय,
मध्ये चांगलंच कडू,
गोड पार तळाशी,
तिथवर ज्याचं त्यानं पोचायचं.

तीन कप हा पाहुण्याचा हक्क.
पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा,
नाहीतर त्या ओततच राहतात.
पाचव्या कपाला एन्नो हसला,
"हिला कुणी सांगितलं नाही वाटतं?"

सांगितलं होतं.
साडेसहाची शेवटची बस
धुक्यात दोन पिवळे डाग होऊन आली,
थोडी थांबली,
गेली.
फोल्केंनी नवा खडा टाकला.
आम्ही दोघी ऐकत होतो.